साबणसाईं

त्यांना वेडा म्हणणाऱ्या निम्म्या माणसांना मी जवळून ओळखत होतो, आणि त्यातल्या एकानंही उभ्या जन्मात म्हशीखाली बसण्याआधी हात धुतलेले नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं माझा आवाज चढणार आहे. इतक्या वर्षांनी चढून काय उपयोग, असं माझी बायको म्हणते. नसेल उपयोग. जेव्हा चढायला हवा होता तेव्हा चढला नाही, म्हणून आता चढतो.

मी तेव्हा अंबरनाथच्या गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होतो. ड्रेसर म्हणजे जनावर धरायचं, जखम धुवायची, पट्टी बांधायची आणि साहेबांची बोलणी खायची. शिवमंदिराकडं जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढं जनावर उभं करायला लाकडी खोडा, एवढाच दवाखाना. तिथं हे डॉक्टर बदलून आले. उंच, जरा वाकलेले, अंगात खाकी अर्धी विजार, तोंडभर देवीचे वण, आणि सायकलच्या दांडीला एक झाकणाची बादली. मी पुढं होऊन नमस्कार केला.

"नमस्कार राहू दे," ते म्हणाले. "आधी हात दाखव."

मी हात पुढं केले. त्यांनी ते उलटेपालटे करून, नखांपासून मनगटापर्यंत पाहिले. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांनीही इतकं बारकाईनं पाहिलं नसतं. मग म्हणाले, "आज रजा घे. नखं काढ आणि उद्या ये."

अशी आमची ओळख झाली. माझं नाव त्यांनी तिसऱ्या दिवशी विचारलं.

ते सगळ्यांचेच हात बघत. शेतकरी, पोस्टमन, देवळातून परतणारे यात्रेकरू, कुणीही समोर आलं की नजर आधी हातांवर जायची आणि चेहऱ्यावर मागाहून, सवड झाली तर. स्वतः मात्र कुणाला हात जोडत नसत. कार्बोलिक साबणानं त्यांचे तळवे उन्हाळ्यातल्या खाचरासारखे भेगाळलेले असायचे, आणि जोडले की दुखतात असं ते सांगत. हात धुतले की पुसायचे नाहीत. दोन्ही हात खांद्याच्या वर धरून वारा लागेपर्यंत तसेच उभे राहायचे. पोलिसानं पिस्तूल रोखल्यासारखे दिसायचे अगदी. पाटलांच्या घरच्या लग्नात ते असे हात वाळवत उभे राहिले आणि तेवढ्यात पंगत उठली. यजमानांनी पुन्हा पान मांडतो म्हटलं तर म्हणाले, "नको. वाढणाऱ्यांचे हात बघितलेत मी."

मी एकदा त्यांना टॉवेल दिला. केवढे संतापले! "टॉवेल म्हणजे रोगाची बैलगाडी. एका घरी बसतो, दुसऱ्या घरी उतरतो. जाळ तो." नवा होता, लग्नात आलेला. मी जाळला नाही, घरी नेला.

साबण ते निर्वासितांच्या छावणीतल्या, कॅम्प दोनच्या बाजारातून आणायचे, वड्या नव्हे, हातभर लांबीच्या लाद्या. दुकानदार सिंधी, फाळणीत सगळं मागं टाकून आलेला, पण जीभ गोड. लांबून सायकल दिसली की ओरडायचा, "आओ आओ, साबणसाईं!" साईं म्हणजे सिंधीत साहेब. ते नाव तिथून निघालं आणि कॅम्पांतून गावांत, गावांतून पार बदलापूरच्या पाड्यांपर्यंत गेलं. त्या नावानं प्रेमानं हाक मारणारा तो एकटाच. बाकीच्यांची चेष्टा होती.

आणि चेष्टा कशाची होती? हा माणूस सांगत होता ते इतकं साधं होतं! दवाखान्याच्या दारावर त्यांनी खडूनं एक म्हैस काढली होती, तिच्यापुढं एक हात, मग दुसरी म्हैस, पुन्हा तोच हात, मग तिसरी. येणाऱ्या प्रत्येकाला दाखवायचे. "कातडीच्या रोगाला पाय नसतात, बाबांनो. त्याला हात लागतात, आणि ते आपण देतो. सडांवर पुटकुळी दिसली की ती म्हैस शेवटी पिळा. तिचं रेडकू दुसरीला लावू नका. आणि दोन म्हशींच्या मधे हात धुवा." लोक मान डोलवायचे आणि वळणावर जाऊन हसायचे. हात धुवायला पैसे पडत नव्हते, वालधुनी नदीला पाणी भरपूर होतं. पण फुकट सांगितलेलं शहाणपण आपल्याकडं कुणाला पचलंय?

एक माणूस मात्र ऐकायचा. त्याचं नाव टेकूमल. कॅम्प पाचच्या बराकीत राहायचा, बायको आणि दोन मुलं. सिंधमधे त्याच्या स्वतःच्या म्हशी होत्या, इथं तो पाटलांच्या गोठ्यात दुसऱ्याच्या म्हशी पिळायला यायचा. गोठा देवळाच्या पलीकडं, ओढ्याच्या काठाला, चांगल्या वीस म्हशींचा. टेकूमलच्या हाताखाली लाथाळ म्हैससुद्धा डोळे मिटून रवंथ करायची. आमच्याकडचे गवळी अंगठा मुडपून सड दाबतात, तो पूर्ण मुठीनं पिळायचा. डॉक्टर त्याचे हात पाहायचे तेव्हा एकदाही रागावले नाहीत. एकदा मला म्हणाले, "हे बघ. याला म्हणतात हात." त्यांच्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव स्तुती.

टेकूमलनं दोन म्हशींच्या मधे हात धुवायला सुरुवातही केली होती. पाटलांनी ते बंद पाडलं. "गार पान्याचा हात लागला का म्हस पान्हा चोरते. आन् धारंला बसला का मधी उठाचा नाय, समाजला?" म्हशींची रांगही बदलायची नाही. दाराजवळची थोरली पहिली, मग ओळीनं बाकीच्या. आणि त्या थोरलीची सकाळची पहिली धार पाटील स्वतः काढणार. ती तांब्याभर धार महादेवाला जायची. त्यांचे वडील काढायचे, आजे काढायचे. मग पाटील उठायचे आणि टेकूमल त्याच म्हशीखाली, त्याच सडांना बसायचा. ही रीत आहे. रीतीला मी नावं ठेवत नाही. रीतीच्या आड लपणाऱ्याला ठेवतो.

त्या हिवाळ्यात कॅम्पांत माणसांना देवी आल्याची आवई उठली आणि सरकारी देवीडॉक्टर टोचणी घेऊन हिंडू लागला. कॅम्प झाले, गाव झालं, आम्ही सगळ्यांनी देवीची लस टोचून घेतली. पाटलांनीही घेतली, दंडावर. टेकूमलला मात्र घ्यावी लागली नाही. फाळणीनंतर बोटीतून उतरल्याबरोबर त्याला टोचलं होतं, तो जुना वण दाखवून तो सुटला. पाड्यांवरची टोचणी तेवढी राहिली होती.

नंतर दहा-बारा दिवसांनी पाटलांच्या गोठ्यातून बोलावणं आलं. थोरलीच्या सडांवर फोड. पुढच्या आठवड्यात पाच म्हशी, मग अकरा. सड सुजून लाल, हात लावला की म्हैस लाथ मारी. दोघींचा एकेक सड कायमचा बंद झाला. आणि टेकूमलच्या बोटांवर, सांध्यांवर, तसेच टपोरे फोड आले.

साऱ्या गावाला तेवढं पुरे होतं. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला, ही म्हण आमच्या लोकांनी फक्त म्हणायला ठेवली आहे, शिकायला नाही. पाटलांनी गोठ्यासमोर माणसं जमवली. टेकूमलला मधे उभं केलं.

"यो निर्वासित आयला तवापासून माझ्या गोठ्याला नाट लागला," पाटील म्हणाले. "त्यानंच रोग आनला. याला कुनी आपल्या दारात उभा करू नका."

टेकूमल डॉक्टरांकडं वळला. दोन्ही हात पुढं करून म्हणाला, "साईं, आप तो सबका हाथ देखता है. आप बोलो ना. मैंने किया क्या?"

डॉक्टर बादलीपाशी वाकून हात धुत होते. धुतच राहिले. साबण लावला, धुतले, पुन्हा लावला.

मग पाटील माझ्याकडं वळले. "तू सांग रं. तू रोज येतस. फोड कुनाच्या हातावर हायेत?"

मी सांगितलं, "टेकूमलच्या."

खोटं बोललो नव्हतो. आयुष्यात इतकं खरं बोलून इतकं वाईट काम मी दुसऱ्यांदा केलेलं नाही. टेकूमलनं पागोटं डोक्यावर ठेवलं आणि गेला. त्यानंतर अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत एकाही गोठ्यानं त्याला म्हशीजवळ येऊ दिलं नाही.

वाटेत मी डॉक्टरांवर चिडलो. पहिल्यांदाच. "साहेब, तुम्ही गप्प का बसलात? तुम्हाला वाटतं त्यानं आणला रोग?"

ते सायकल हातात धरून चालत होते. दवाखाना आल्यावर त्यांनी ती भिंतीला टेकवली. मग दार लावलं आणि म्हणाले, "थोरलीच्या सडांवर काय होतं?"

"खपल्या."

"आणि शेवटच्या म्हशीच्या?"

"ताजे फोड. पाण्यानं भरलेले."

"आणि त्याच्या बोटांवर?"

"तेही ताजेच."

"म्हणजे त्याच्या हातावर फोड येण्याआधी थोरलीला आले. रोग थोरलीपासून निघाला, धारेच्या ओळीनं गेला आणि वाटेत त्याच्या बोटांना लागला. त्याच्या हातानं तो पुढं नेला, कारण त्याला हात धुवू दिले नाहीत. पण थोरलीला कुणी दिला? तिच्या सडांना त्याच्या आधी कुणाचा हात लागतो?"

माझ्या डोळ्यांपुढं पाटलांचा तांब्या आला. आणि त्यांची ती सवय, चार-आठ दिवस चाललेली, बोलता बोलता सदऱ्याच्या बाहीत बोटं घालून दंड खाजवायची.

डॉक्टर म्हणाले, "माणसाला टोचतात ती लस ताजी असते तोवर तिच्या फोडातल्या पाण्यानं म्हशीला लागण होते. दंड खाजवला, त्याच हातानं सड धरला, झालं. मी पाटलांना एकट्याला गाठून सांगितलं, खपली पडेपर्यंत थोरलीला हात लावू नका. काय म्हणाले ठाऊक आहे? महादेवाच्या धारेला विटाळ लावता काय!"

"मग मघाशी चारचौघांत सांगायचं होतं!"

"आणि उद्या पाड्यांवर काय होईल?" त्यांचा आवाज एवढा चढला की खोड्यातला बैल बिचकला. "टोचणीनं म्हशी बिघडतात, एवढंच लोक ऐकतील. एकही बाई पोर घेऊन बाहेर यायची नाही. माझ्या तोंडाकडं बघ. आम्ही तीन भावंडं होतो, तिघांना एका महिन्यात देवी आल्या. मी एकटा उठलो. म्हैस तीन-चार आठवड्यांत बरी होते. मेलेलं पोर परत येत नाही. पाड्यांवरची टोचणी संपू दे, मग बोलतो."

यातलं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच आजही जास्त राग येतो.

त्यांनी वरच्या साहेबांना पत्र लिहिलं: टोचणाऱ्यांनी गवळ्यांना ताकीद द्यावी, खपली पडेपर्यंत धार काढू नये, दंड झाकावा. एवढंच. उत्तर आलं की माणसांची लस हा गुरांच्या डॉक्टरचा विषय नव्हे, आणि अशी विधानं कोणत्या आधारावर केली याचा खुलासा करावा. आधार ओळीनं वीस दावणींना बांधलेला होता. येऊन बघायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. खुर्चीत बसून म्हशीचे सड दिसत नाहीत, पण शाई दिसते ना, ती भरपूर वापरली.

डॉक्टर रोज संध्याकाळी रस्त्यावर उभे राहून देवीडॉक्टरला अडवायचे. "आज कुठला पाडा? किती राहिले?" जेवण कमी झालं. माझे हात बघायचेसुद्धा विसरू लागले. मी मुद्दाम नखं वाढवून पाहिली, तर त्यांच्या लक्षात आलं नाही.

शेवटचा पाडा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला घेऊन चावडीवर गेले. पाटील होते, गावकरी होते. डॉक्टर उभे राहिले आणि आधी स्वतःच्या तोंडावरच्या वणांवर बोट ठेवलं.

"लस घेतली नाही की काय होतं ते इथं दिसतं. तेव्हा लस चांगलीच, पोराबाळांना टोचायलाच हवी. पण ताजी टोचणी असलेल्या माणसानं म्हशीला हात लावू नये. पाटलांच्या गोठ्यात रोग आला तो तसा आला. टेकूमलनं आणला नाही. त्याच्या दंडावरची टोचणी जुनी आहे. तुम्ही सगळे बाह्या वर करा, मी दाखवतो."

गंमत म्हणून असेल, पण माणसांनी बाह्या सारल्या. कुणाचा वण अजून लाल, कुणाचा गुलाबी. मीही सारली. पाटलांनी सारली नाही. हाताची घडी घालून बसले आणि म्हणाले, "मना थंडी वाजते."

चैत्र लागला होता. सगळ्यांना कळलं. एकही माणूस बोलला नाही, आणि त्या माणसांत मी होतो. तेव्हा माझं तोंड कुणी धरलं नव्हतं. सरकारी नोकरी, गावात घर, पाटलांच्या विहिरीचं पाणी, अशी कारणं माझ्यापाशी होती. कारणं सगळ्यांपाशीच असतात.

पुढच्या वेळी टोचणी आली तेव्हा तीन घरांनी पोरं गवताच्या उडवीत लपवली, हेही सांगितलं पाहिजे. म्हणजे डॉक्टरांची भीती अगदीच खोटी नव्हती.

चावडीवरून ते थेट कॅम्प पाचकडं निघाले. मी मागोमाग. टेकूमल बराकीच्या दाराशी बसून सुंभानं खाट विणत होता. बोटांवरचे फोड वाळून त्यांचे गोल डाग राहिले होते. आम्हाला पाहून उठला, बायकोला पाणी आणायला सांगितलं. पाणी तांब्यातून आलं आणि सोबत साबणाचा तुकडा आला. डॉक्टर येणार तर हात धुणार, हे त्या घराला ठाऊक होतं.

डॉक्टरांनी साबणाला हात लावला नाही. उभ्या उभ्याच, मोडक्या हिंदीत, सगळं सांगितलं. थोरली, पाटलांचा दंड, खपल्या, पाडे, आजची चावडी. "तुम्हारा कसूर नहीं था. आज सबके सामने बोला मैंने."

टेकूमलनं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "साईं, आपको कब मालूम पड़ा?"

"पहले दिन."

"और इसको?" त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"उसी दिन. मैंने बताया."

टेकूमल जरा वेळ सुंभाची गाठ चाचपत राहिला. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

"टीका तो लगना चाहिए, साईं. मेरे भी दो बच्चे हैं, दोनों को लगाया. पर आपने मेरे को क्यों नहीं बताया? इसको बताया, मेरे को नहीं? मेरे को बोलते, बच्चों का सवाल है, चुप रह. मैं चुप रहता."

डॉक्टरांनी ते भेगाळलेले हात वर केले आणि जोडले. दुखले असणार. टेकूमलनं पाहिलं आणि नजर खाली करून पुन्हा विणायला घेतलं.

महिन्याभरात डॉक्टरांची लांबच्या तालुक्याला बदली झाली. पाटलांनी निरोपाचा नारळ पाठवला, तो त्यांनी खोड्यापाशी ठेवून दिला. टेकूमल पुन्हा कधी म्हशीखाली बसला नाही. पुढं कॅम्प पाचमधे तो खाटा विणून द्यायचा. आमच्या घरातली एक त्याच्या हातची आहे. ती आणायला मी गेलो होतो, तेव्हा त्यानं मला ओळखलं, बसायला सांगितलं, पाणी दिलं. मी मनाशी ठरवून गेलो होतो की आज त्याची माफी मागायची. खाट डोक्यावर घेतली आणि परत आलो.